वन्सं, तुमचं लोणावळ्याचं बंदर

वन्सं, तुम्ही गेलात त्याला आज तीन आठवडे होतील, आणि मला अजून धड बसायला सवड मिळालेली नाही. ज्या दिवशी तुम्ही गेलात त्या दिवशी मागच्या खोलीत दोन चित्रकार उतरलेले होते. सुतकात चूल पेटवायची नाही म्हणून शेजारून पिठलं-भात आला, तर त्यातला एक दारात येऊन हळूच विचारतो, "वहिनी, आम्हीही यातलंच घ्यायचं का?" मी त्यालाही ताट वाढून दिलं. मनात म्हटलं, वन्सं गेल्या, पण जाताना पाहुणे ठेवून गेल्या.

तेराव्याला आलेली माणसं एकमेकांना सांगत होती, बाईंचं मन समुद्राएवढं. मी मान हलवत होते. समुद्राएवढ्या मनाच्या माणसाच्या घरी भाकऱ्या दुसऱ्याच कुणीतरी थापायच्या असतात, हे तिथं बोलून काय उपयोग होता? ते तुमच्याशी बोलायचं होतं. पण तुम्हाला भांडणातून मधेच उठून जायची सवयच. म्हणून लिहिते आहे. माझ्यासारख्या चौथी पास बाईला लिहायची गोडी तुम्हीच लावलीत, आता ऐका.

तुम्ही मुंबईच्या शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून इथं राहायला आलात, तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. तुमच्या यजमानांनी मागं ठेवलेला हा कुरवंड्याच्या वाटेवरचा बंगला मोठा, आणि त्यात तुम्ही एकट्या. धाकट्या भावाला राहवलं नाही. रेल्वेचा क्वार्टर सोडून हे मला घेऊन इथं आले. मला वाटलं, आता वन्सं कुंड्यांत शेवंती लावतील, पोथी वाचतील, कधी माझ्या हाताखाली भाजी चिरतील. आठ दिवसांत तुम्ही फाटकावर निळ्या रंगानं नाव घातलंत, 'बंदर'.

स्टेशनवरचे टांगेवाले मुंबईच्या गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलायचे, आणि हिंदीत बंदर म्हणजे माकड. महिनाभरात आपल्या घराला 'माकडांचा बंगला' असं नाव पडलं. मी म्हटलं, "वन्सं, नाव बदला." तुम्ही म्हणालात, "सगुणा, माकडं तर छपरावर आहेतच. आता गलबतं आणायची."

तेव्हा मला ती थट्टा वाटली. तुमचे पणजोबा मराठ्यांच्या आरमारात तांडेल होते, गलबतावरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. आमच्याकडे कार्ल्याला माझ्या पणजोबांनी काय केलं ते कुणी सांगत नाही, कारण त्यांनी भात लावला आणि भात काढला. तुमच्याकडे मात्र जेवताना वाटी कलंडली तरी पणजोबांचं गलबत कसं कलंडायचं ते निघायचं. लोणावळ्यासारख्या डोंगरमाथ्यावर बसून एवढा दर्या मी कुठं ऐकला नव्हता.

मग तुम्ही तुमचा बेत सांगितलात. ज्येष्ठात समुद्र बंद होतो. होड्या किनाऱ्यावर ओढून, माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्यांवरच्या कारागिरांना काम नसतं. "साधू चातुर्मासात एका गावी मुक्काम करतात की नाही? मग कलावंतांनी का करू नये?" असं म्हणालात. रेवदंड्याकडच्या तुमच्या गावाहून कारागीर यायचे, मुंबईहून तरुण चित्रकार यायचे, इथले बुरूड-कुंभार यायचे, आणि पावसाचे महिने सगळ्यांनी एका छपराखाली राहून एकमेकांचं काम शिकायचं. कुणी फी द्यायची नाही. मी विचारलं, "आणि जेवायचं कुणी बघायचं?" तुम्ही म्हणालात, "ते होईल गं." वन्सं, दहा वर्षं ते 'होत' होतं. ते कसं होत होतं, हे तुम्ही एकदाही स्वयंपाकघरात येऊन बघितलं नाहीत.

पहिल्या वर्षी तुमच्या गावाहून जोमा नाखवा आला. शिडं शिवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही म्हणून तुम्ही त्याला किती पत्रं पाठवलीत, आणि त्याला तर वाचताच येत नव्हतं. पत्र्याच्या पेटीत मोठमोठी दाभणं, मेणाचा गोळा आणि सुती दोर घेऊन तो स्टेशनवर उतरला, घोंगडी गुंडाळून घेऊन घरी आला आणि व्हरांड्यात बसून बाहेर बघत म्हणाला, "बाय, हितं पाणी वरनं येतं, खालनं येतं, भिंतीतनं येतं. मासा तेवढा कुठं नाय." मला तो तिथंच आवडला. त्याच्यासारखी माणसं मी लहानपणापासून बघत आले होते. चैत्रात एकवीरेला कोळी यायचे, आमच्या दारावरून डोंगर चढायचे, आणि आमचे आबा ओरडून सांगायचे, "दर्याची मानसं हायती, लांबनं आलीत, पानी द्या त्यांला." समुद्र मी पाहिला नव्हता, पण त्याच्या माणसांना तांब्यानं पाणी घातलं होतं.

जोमाचं शीड हॉलभर पसरलं. त्यावर पाय द्यायचा नाही, म्हणून आम्ही पावसाळाभर भिंतीला चिकटून चालत होतो. शेगडीवर कपडे वाळवायचा बांबूचा घोडा होता, त्यावर तुमच्या चित्रकारांची ओली चित्रं चढली, आणि ह्यांचा रेल्वेचा कोट तसाच दमट राहिला. चटणीसाठी आणलेलं जवसाचं तेल एकानं रंगात घातलं. मी तुमच्याकडे तक्रार घेऊन आले, तर तुम्ही त्याचं चित्र दाखवून विचारलंत, "पण हिरवा कसा उतरलाय ते बघ." वन्सं, मी काय तो हिरवा भाकरीबरोबर खायला वाढणार होते?

तरी खोटं बोलणार नाही. एक प्रसंग मी विसरणार नाही. वसंतराव म्हणून पुण्याचा एक चित्रकार आला होता, हात चांगला, बोलणं गोड. पहिल्याच दिवशी पंगतीत त्याच्या शेजारी जोमाचं पान आलं. त्यानं मला हळूच सांगितलं, "वहिनी, माझं पान आत वाढा." तुम्ही ते ऐकलंत. त्याचं पान उचललंत, व्हरांड्याच्या पायरीवर पाण्याच्या झडीत नेऊन ठेवलंत आणि म्हणालात, "आत कुणाचं पान मांडत नाही. पंगतीत जागा हवी तर जोमाच्या शेजारी आहे. ती नको असेल तर ही मोकळी आहे." बिचारा दोन दिवस पायरीवर इरलं डोक्यावर घेऊन जेवला. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं येऊन जोमाशेजारी बसला, आणि जोमानं त्याच्याकडे मिठाची वाटी सरकवली. त्या दिवशी मी तुम्हाला न मागता भाकरीवर लोणी वाढलं होतं. तुमच्या लक्षात आलं नाही. तुम्ही पणजोबांचं सांगत होतात.

आणि ते नागफणीचं. उघडीप पडली की सगळ्या पाहुण्यांना घेऊन तुम्ही कुरवंड्यापुढं त्या कड्यावर जायचात, खाली कोकणाकडे बोट दाखवायचात आणि म्हणायचात, ती बघा समुद्राची रेघ. मी दहा वर्षं सांगत आले की ते धुकं आहे. जोमालाही दिसायचा नाही, पण तो म्हणायचा, "बायला दिसतो ना, मंग हाय." त्यावरून आपण परत येईपर्यंत भांडायचो. ते भांडणही अर्धंच राहिलं.

आता खरं बोलते. ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

तिसऱ्या की चौथ्या चातुर्मासात जोमाला ताप भरला. कोकणातलं माणूस, इथली थंडी त्याला बाधायची. मी माझी वाकळ काढून त्याच्यावर घातली. आई गेल्यावर तिच्या लुगड्यांची मी ती शिवली होती. एक हळदीच्या रंगाचं, एक तांबड्या काठाचं काळं, आणि एक शेतात नेसायचं विटकं हिरवं. ती लुगडी मला देताना आबा एवढंच म्हणाले होते, "आयची हायती, नीट ठिव." जोमाचा ताप उतरला तेव्हा तो वाकळ हातात धरून टाके बघत बसला होता. "ही कुणी शिवली गो?" मी म्हटलं, मी. तो म्हणाला, "हा टाका शिडाला चालंल." वन्सं, माझं लग्न झाल्यापासून कुणी माझ्या कामाला एवढं मोठं म्हटलं नव्हतं. आणि दुर्दैव माझं, तुम्ही दारात उभ्या होतात.

त्यानंतर तुम्ही माझ्यामागं लागलात. सगुणा, तू कलावंत आहेस. सगुणा, भाकऱ्या राहू देत, तू शिवत बस. मी विचारायची, "मग भाकऱ्या कोण करील?" तुम्ही म्हणायचात, "ते होईल गं."

पुढं एका वैशाखात आबा पाय घसरून पडले म्हणून मी पंधरा दिवस कार्ल्याला गेले. परत आले तर पेटीत वाकळ नाही. ह्यांना विचारलं. हे पेपर खाली न करता म्हणाले, "ताई मुंबईला प्रदर्शन भरवतेय. तिकडं नेलीय. मी मधे पडलो नाही." मी उलट्या पावली स्टेशनवर गेले. मुंबईला मी तोवर एकदाही गेले नव्हते.

तो हॉल मला अजून दिसतो. गुळगुळीत फरशी, पंखे, टोप्या घातलेली माणसं. मधल्या भिंतीवर तुमच्या पणजोबांच्या गलबताचं मोठं चित्र, खाली तुमचं नाव. शेजारी वसंतरावांचं चित्र, खाली त्यांचं नाव. जोमाचं शीड वरून टांगलेलं, खाली चिठ्ठी, 'कोकणातील शीड'. आणि कोपऱ्यात माझ्या आईची लुगडी, भिंतीवर खिळे मारून पसरलेली. खाली चिठ्ठी, 'मावळातील वाकळ. शेतकरी स्त्री.'

तुम्ही मला पाहून किती खूश झालात. हात धरून सगळ्यांना सांगायला लागलात, ही माझी भावजय. मी विचारलं, "वन्सं, शेतकरी स्त्री कोण?" तुम्ही हसलात. "अगं, तूच." मी म्हटलं, "मला नाव आहे." तेव्हा तुम्ही शाळेत शिकवल्यासारखं म्हणालात, "सगुणा, लोककलेला नाव नसतं. तेच तर तिचं मोठेपण. ज्याला कळतं त्याला टाक्यावरून माणूस ओळखता येतो."

"मग तुमच्या चित्राखाली नाव कशाला? ज्याला कळेल त्याला रंगावरून ओळखता येईल."

तुम्ही वाकून ती चिठ्ठी सरळ केलीत. आणि म्हणालात, चल, आली आहेस तर तुला समुद्र दाखवते. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो रागानं. तुम्ही लाटा, गलबतं, क्षितिज काय काय दाखवत होतात, आणि मी तुमच्या वहाणांकडे बघत होते. परतताना एवढंच म्हटलं, "प्रदर्शन संपलं की वाकळ घरी आणा." तुम्ही म्हणालात, हो.

आठ दिवसांनी तुम्ही आलात. टांग्यातून चित्रं उतरली, शीड उतरलं, वाकळ उतरली नाही. एका परदेशी बाईला ती फार आवडली, तिच्या देशातल्या संग्रहालयात लावणार म्हणाली, म्हणून तुम्ही तिला भेट देऊन टाकलीत. आणि मला धीर द्यायला म्हणालात, "अगं, तुझी आई कधी खंडाळ्याचा घाट उतरली नाही, आणि तिची लुगडी बघ, सातासमुद्रापार निघाली."

मी तुमच्याशी बोलणं सोडलं.

तो चातुर्मास आठवतो तुम्हाला? सगळ्यांचं जेवण वेळेवर होत होतं, तुमचंही. फक्त शब्द नव्हता. तुम्ही पंगतीत म्हणायचात, "जोमा, सगुणाला सांग, आमटीत मीठ कमी आहे." जोमा म्हणायचा, "तिला ऐकू येतंय गो बाय." एकदा मी त्याला विचारलं, शिडावर तुझं नाव नव्हतं, तुला काही वाटलं नाही? तो दोराला मेण लावत होता. म्हणाला, "होडीला नाव देवीचं असतंय. शिवणाऱ्याचं कोण लिवतो?" मग दोर खाली ठेवून म्हणाला, "माझा बा जल्मभर शिडं शिवून मेला. त्याचं नाव आता मलाच ठावं हाय. मी गेलो का ते पण गेलं." ते त्यानं तक्रारीनं सांगितलं नाही. पण मी ते तुम्हाला सांगायला हवं होतं. अबोला होता म्हणून सांगितलं नाही.

आणि मग तुम्ही तो उपाय काढलात. एवढी शिकलेली बाई, पण उपाय असा की कपाळावर हात मारावा. आषाढात एका सकाळी व्हरांड्यात पाटी लागली, 'बंदरात केलेल्या कामावर कुणीही आपलं नाव घालायचं नाही.' चित्रकार हवालदिल झाले. वसंतराव म्हणाले, "बाई, चित्राखाली नाव नसेल तर उद्या मला काम कोण देईल?" तुम्ही म्हणालात, "जोमाला कोण देतं?" आठवड्यात तिघं जण बिस्तरे बांधून निघून गेले, त्यात वसंतरावही. एवढ्यावर तुमचं समाधान झालं नाही. चाकू घेऊन पणजोबांच्या चित्रावरचं स्वतःचं नाव खरवडायला बसलात. इतकं खरवडलंत की तिथं कापडाला भोक पडलं.

तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी तुमच्या हातातला चाकू काढून घेतला आणि म्हटलं, "वन्सं, मी माझं नाव घाला म्हटलं होतं. सगळ्यांची पुसा असं कधी म्हटलं?"

"आता सगळे सारखे झाले ना?" तुम्ही म्हणालात. आणि मग हळूच, "बोललीस तर."

त्या चित्राला भोक पाडून तुम्ही माझ्याशी बोलणं सुरू करून घेतलंत. 'चुकलं' हा एक शब्द पुरला असता, वन्सं. त्याला ना चाकू लागला असता, ना पाटी. पण तो शब्द तुमच्या घराण्यात कुणी शिकवला नसावा.

त्या परदेशी बाईला मात्र तुम्ही पत्रांवर पत्रं लिहिलीत. प्रत्येक पत्र मला मराठीत वाचून दाखवलंत, मला नको असताना. वाकळ परत पाठवा, ती माझी नव्हती, मला ती देण्याचा हक्क नव्हता. त्या बाईला इंग्रजीतून लिहिताना तुम्हाला जे जमत होतं, ते मला मराठीतून बोलताना जमत नव्हतं. एकदा तिचं उत्तर आलं, बघते म्हणून. मग लढाई सुरू झाली, तिकडचं टपाल थांबलं, आणि तुम्ही तरीही लिहीत राहिलात. पोस्टमन मला विचारायचा, हे पोचायचं नाही, घेऊ का? मी म्हणायची, घ्या.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. एका श्रावणात मी एकटी भांडी घासत होते, आणि तुमचं ते वाक्य आठवलं. माझी आई तळेगावच्या बाजारापलीकडे कधी गेली नाही. तिथं जायचं तरी दोन दिवस आधीपासून घाबरायची. आणि तिचं विटकं हिरवं लुगडं कुठंतरी काचेआड लावलेलं, आणि गोरे साहेब चष्मे सरसावून बघताहेत, असं डोळ्यांपुढं आलं. मला इतकं हसू आलं की हातातलं पातेलं पडलं. तुम्ही आतून विचारलंत, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बघ, मी म्हटलंच होतं. म्हणून नाही सांगितलं.

गेल्या थंडीत तुम्हाला दम लागायला लागला. डॉक्टरांनी रंगाचा वास बंद केला, चढण बंद केली, नागफणी बंद केली. मला वाटलं, आता तरी बाई स्वस्थ बसेल. तुम्ही तुमची शाळेत नेसायची चार पातळं काढलीत, टराटरा फाडलीत आणि खिडकीशी वाकळ शिवायला बसलात. जन्मात कधी सुईत दोरा ओवला नव्हता. मी विचारलं, "कुणासाठी?" म्हणालात, "ज्याला थंडी वाजेल त्याच्यासाठी."

ते टाके. वन्सं, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण तसले टाके मी कार्ल्यात सहा वर्षांच्या पोरीचे पाहिले नाहीत. एक लांब, एक आखूड, मधेच वर चढलेला, मधेच खाली उतरलेला. मला बघवेना. दुपारी तुमचा डोळा लागला की मी चार ओळी उसवायची आणि सरळ घालून ठेवायची. तीन दिवस तुम्ही काही बोलला नाहीत. चौथ्या दिवशी बघते तर माझ्या सगळ्या ओळी उसवून पुन्हा तुमच्या वाकड्या.

"माझ्या वाकळीत हात घालू नकोस, सगुणा."

"टाके वाकडे आहेत, वन्सं."

"असू देत. माझे आहेत."

मी सुई खाली ठेवली. तुम्ही काय बोलून गेलात ते तुम्हाला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. तुम्ही मान खाली घालून पुढचा टाका शोधत होतात. मी आत जाऊन तुमच्यासाठी पेज केली.

ज्येष्ठातली ती सकाळ. तुम्ही खिडकीशी, मांडीवर वाकळ. एक घोट घेऊन म्हणालात, "सगुणा, चहात आलं कमी आहे." मी म्हटलं, "लढाईच्या दिवसांत मिळतोय तो चहा गोड मानून घ्या." आणि आत गेले. आपलं शेवटचं बोलणं ते. मी बाहेर आले तेव्हा सुई कापडात होती, दोरा ओढायचा राहिला होता, आणि कप सांडलेला नव्हता. माझ्याशी भांडायला बसलेली बाई एवढ्या निमूटपणे कशी गेली, याचाच मला राग येत राहिला.

जोमाला कळवायचं राहून गेलं. तो नेहमीप्रमाणे आला. मी स्टेशनवर गेले. छत्री हलवत तुम्ही उभ्या असायचात त्या जागेकडे बघत तो उतरला. मी त्याला बाकावर बसवलं आणि सांगितलं. त्यानं पेटी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाला, "आता मी कुणाशी भांडू?" मी म्हटलं, "माझ्याशी भांड. चल, भाकरी खाऊन घे आधी."

गेल्या आठवड्यात वसंतराव आले. आता नाव झालंय त्यांचं. तुमच्या स्मरणार्थ प्रदर्शन करायचं म्हणतात. खिडकीतली अर्धी वाकळ त्यांनी पाहिली आणि हात जोडले. "वहिनी, हिला हात लावू नका. बाईंचं शेवटचं काम. अपूर्ण आहे तीच हिची शोभा."

मी म्हटलं, "वसंतराव, अपूर्ण वाकळीत पाय उघडे राहतात."

ते गेल्यावर मी ती पुरी करायला बसले. तुम्ही जिथं सुई ठेवलीत तिथून दोरा ओढला. तुमच्या ओळी मी उसवल्या नाहीत. फार जड गेलं, वन्सं. हात सारखा तिकडं जात होता. चार दिवसांत माझी बाजू झाली. काल दुपारी जोमाला पुन्हा कणकण आली, म्हणून तीच त्याच्यावर घातली. त्याचे डोळे मिटलेले होते. नुसता अंगठा कापडावरून फिरवत होता, एका काठापासून पुढं, सावकाश. मधे एका जागी अंगठा थांबला.

"हितपतुर बाय हाय," तो म्हणाला. "हितनं तू."

म्हणजे तुमचंच खरं झालं. ज्याला कळतं त्याला टाका ओळखता येतो. पण वन्सं, जोमा सत्तरीचा आहे. अंगठा फिरवून सांगणारी माणसं अशी किती उरलीत? त्याच्या बापाचं नाव त्याला एकट्याला ठाऊक आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, ते आता सांगते. परवा मी त्याला ते नाव विचारून घेतलं. आता ते दोघांना ठाऊक आहे. चातुर्मास या वर्षीही होईल, पाटी मी उतरवली आहे, आणि जो काम करील त्याचं नाव त्या कामावर लागेल, मग तो बुरूड असो की चित्रकार.

वाकळीच्या कोपऱ्यातही उद्या तांबड्या दोऱ्यानं दोन नावं घालणार आहे. आधी माझं, मग तुमचं. तुम्हाला ते पटायचं नाही. पण आता माझे टाके उसवायला तुम्ही नाही.